सूट धरून

रविवार, ७ जानेवारी २०२४

धुकं इतकं की गॅलरीतून खाली उभी असलेली आपलीच गाडी दिसेना. अशा हवेत चंदीगडची शहाणी माणसं रजईत बसून शेंगा फोडतात. आमचे हे मात्र आठ वाजता कानटोपी घालून दारात उभे. "चल, नरेश येऊन थांबेल." नरेश, आमचा वेल्डर, पिंजौरहून बसनं येतो. मी म्हटलं, त्याची बस अजून कालका रोडवर चाचपडत असेल. तसंच झालं. साडेदहाला आला आणि "धुंध थी जी" म्हणून आधी चहाच मागितला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

ही डायरी ह्यांनीच आणून दिली. शेडमधलं रजिस्टर हे लिहितात. कुठल्या तारखेला कुठली ट्यूब कुठे जोडली, सगळं. ते सरकारला दाखवायचं असतं. "घरचं रजिस्टर तू लिही," म्हणाले. घरात काय जोडलं जातंय ते देवाला ठाऊक, पण लिहिते. शाळेत तीस वर्षं मुलांना शिवणकाम शिकवलं, आता हातात वेळच वेळ आहे.

तर विमान. हवाई दलाच्या डेपोत चाळीस वर्षं दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली, म्हणून निवृत्तीनंतर हे स्वतःचं करायला घेतलं. मुल्लानपूरला एका सरदारजींच्या शेतात शेड आहे. शेत नावाचंच, चारी बाजूंनी टॉवर उभे राहताहेत. शेडमध्ये स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, नाकापासून शेपटीपर्यंत. पुढे त्यावर कापड चढणार आणि ते मी शिवणार, म्हणून मला भरती केलंय. कापड यायला वर्ष आहे, तोवर मी धरपकडीच्या कामाला.

आणि एवढं करून सीट किती? एक! एक्केचाळीस वर्षांचा संसार झाला आणि माणसानं विमान करावं एका सीटचं. मी बोलून दाखवलं. तर म्हणतात, "दोन सीटचं केलं तर एकीनं नुसत्या सूचना करायच्या का?" माझं डोकं फिरलं. वरण मुद्दाम अळणी ठेवलं. निमूटपणे जेवले, म्हणजे तेही दोन घास.

रविवार, १४ जानेवारी

आज ब्रॅकेटचं काम. ब्रॅकेट म्हणजे लोखंडी पट्टीचे छोटे कान. ते नळीवर बसवायचे आणि मग त्यांत पेडल, पट्टे, काय काय अडकवायचं. नळी गोल आणि कान सपाट, त्यामुळे कानाची कड नळीच्या गोलाईला बरोब्बर बसायला हवी. फट राहिली तर वेल्डिंग करताना पातळ नळीला भोक पडतं. ह्यांनी तीन कागदी नमुने कापले, तिन्ही फसले. मी बाहीचा गोल कापते तसा एक कापून दिला, तो पहिल्या फटक्यात बसला. नरेश म्हणाला, "आंटीजी, आप तो फिटर निकले." ह्यांनी रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं. मी वरवर नाक मुरडलं, पण मला फार बरं वाटलं.

नळी आधी पॉलिश पेपरनं चांदीसारखी घासायची, पुसायची आणि मग तिला कुणी हात लावायचा नाही. अगदी सोवळ्यातलं काम. जोडीच्या दोन कानांच्या भोकांतून एकच सळई घालायची, म्हणजे भोकं एका रेषेत राहतात. मग नरेश आधी टाका मारतो, त्याच्या भाषेत टांका, आणि दोन्ही बाजू थंड झाल्यावर पूर्ण शिवण. आमच्याकडेही कच्चा टाका आधीच घालतात, म्हणून मला हे सगळं पटकन कळतं.

निघताना नरेश म्हणाला, "सूट बढ़िया है आंटीजी." मी म्हटलं, पंजाबी ड्रेस आहे, जुनाच. हे हसायला लागले. "अगं, पंजाबात राहून पंजाबी ड्रेस काय म्हणतेस? इथे सूट म्हणतात. तीस वर्षं झाली की." होईनात. मिरजेत आई पंजाबी ड्रेस म्हणायची, मीही म्हणणार.

आणखी एक. सीटची फळी ठेवली होती तर मला म्हणतात, "बस की जरा आत, बघू." मी कशाला बसू? गुडघा वाकत नाही, नळ्यांवरून पाय टाकायचा, समोर नरेश उभा. तुमचं विमान, तुम्ही बसा.

मंगळवार, १६ जानेवारी

निळी सलवार सापडत नाही. दोरीवरही नाही, कपाटातही नाही. ह्यांना विचारलं तर एकदम पेपरात डोकं.

रविवार, २१ जानेवारी

सापडली! शेडमध्ये, वाइस बसवलेल्या टेबलावर अंथरलेली. कंबरेपासून घोट्यापर्यंत खडूच्या रेघा, एक काळा डाग, आणि गुडघ्यापाशी चिमट्यानं धरल्याचा वळ. चांगल्या कापडाचं पोतेरं केलं. मी महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाहून थेट तिकडे गेले होते, हातात वाणाची पिशवी. नरेशदेखत बोलायचं नव्हतं, तरी बोलले. चिंध्यांची पिशवी मी स्वतः भरून दिली होती ना? नरेश दाराकडे बघून हसत होता. हसण्यासारखं काय होतं त्यात?

मी नव्हते तेवढ्यात ह्यांनी रडरच्या, म्हणजे शेपूट वळवायच्या, पायपेडलचे चारही ब्रॅकेट जोडून घेतले होते. मला न बोलावता! नमुने माझे आणि मुहूर्त ह्यांचा.

गुरुवार, १ फेब्रुवारी

ऋचा आली होती. आमची लेक, आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे, मोहालीत राहते. हल्ली आठवड्यातून दोनदा येते आणि बापाला गाडीत घालून कुठे कुठे नेते. कधी बँक, कधी चष्मा. मला म्हणाली, "मम्मी, पापा को डाँटा मत करो." मी कधी रागावते? मराठीत सांगितलं तर हिंदीत उत्तर देते आणि वर मला शिकवते.

ह्यांच्या पँटींना पट्ट्यानं चुण्या पडायला लागल्यात. दोन्ही बाजूंनी शिवून घट्ट करून दिल्या. शेडचं खूळ, दुसरं काय. दुपारी नुसता चहा पितात आणि म्हणतात पित्त झालंय.

आज मध्येच मला विचारतात, "हडपसरच्या शिबिरात किती वेळा उडालीस गं?" कॉलेजात एनसीसीत होते, तेव्हाची ग्लायडरची गोष्ट. म्हटलं, सव्वीस वेळा, मागे मास्तर बसवून. एकटीनं उडायचं, सोलो, ते पुढच्या शिबिरात होतं, तोवर तुमचं स्थळ आलं. हे म्हणाले, "हो. मीच आडवा आलो." चाळीस वर्षांपूर्वीचं आता काय उकरायचं? मी विषय बदलला.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज मला भीती वाटली ती लिहून ठेवते.

ह्यांनी गेल्या आठवड्यात कुकरखालचा गॅस तसाच ठेवला. परवा नरेशला दोनदा अच्युत म्हणाले. अच्युत डेपोतला मित्र, जाऊन नऊ वर्षं झाली. शेडमध्ये बसल्या बसल्या डोळा लागतो. सासूबाईंचं शेवटी असंच सुरू झालं होतं. आधी नावं गेली, मग गॅस, मग आम्ही.

आणि आज ते ब्रॅकेट. हे बाहेर खुर्चीवर उन्हात झोपले होते. मी सहज ड्रॉइंगवरचं माप बघितलं, सीटच्या पाठीपासून पेडलपर्यंत. मग टेप लावला. चार बोटं कमी! पुन्हा लावला, तेच. ह्यांची उंची पावणेसहा फूट, ह्यांच्या पँटी मी शिवते, मांडी-पोटरीचं माप मला झोपेतसुद्धा येतं. तिथे पाय ठेवले तर गुडघे छातीला लागतील. डेपोत ह्यांच्या मापावर डोळे मिटून सही व्हायची. त्या माणसाकडून चार बोटांची चूक?

घरी येईपर्यंत गाडीत खिडकीबाहेर बघत बसले.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

हे आणि ऋचा दिल्लीला गेले. तिचं ऑफिसचं काम आहे म्हणे, ह्यांना हवापालट. दिल्लीला हवापालटाला गेलेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय. मंगळवारी येतील.

मी शेडमध्ये जाऊन रजिस्टर काढलं. एकवीस जानेवारीला ह्यांच्या अक्षरात एवढंच: "रडर पेडल, ब्रॅकेट ४. सूट धरून. वेल्डिंग नरेश."

जीव भांड्यात पडला, निदान अर्धा. म्हणजे चुकले नाहीत, मुद्दाम सूट धरून लावलेत. शिवताना आम्ही माया ठेवतो, तशी ह्यांनी लोखंडात सूट ठेवली, मागाहून सरकवायला. आणि मग सरकवायचं विसरले. विसरलेच, कारण नरेशनं तर पूर्ण शिवण मारून टाकलीय.

ह्यांना सांगितलं तर? "अहो, तुम्ही विसरलात," हे वाक्य मी ह्यांना कसं म्हणू? ते स्वतःचं तोंड बघणार नाहीत आरशात. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपणच गुपचूप करून टाकावं.

रविवार, १८ फेब्रुवारी

केलं.

नरेशला सांगितलं, हे चारही काढायचे आणि ड्रॉइंगच्या मापाला लावायचे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "आंटीजी, साहब से पूछ लो एक बार."

मी म्हटलं, "साहब को मैं बताऊँगी. सरप्राइज़ है."

"पर ये तो सूट का नाप है जी."

ह्यांच्या संगतीनं नरेशसुद्धा छूटला सूट म्हणायला शिकलाय. मला हसू आलं. म्हटलं, "हाँ हाँ, सूट है, मुझे मालूम है. साहब के पैर लंबे हैं ना? उनके हिसाब से लगाओ."

नरेशनं टोपी काढली, पुन्हा घातली. "आप बहुत बड़ी बात कर रहे हो जी," म्हणाला. चार ब्रॅकेट चार बोटं सरकवायचे, त्यात मोठी बात कसली? पण पंजाबकडच्या माणसांना प्रेमानं मोठं बोलायची सवयच असते.

ग्राइंडरनं जुनी शिवण कापताना ठिणग्या माझ्या शालीवर आल्या. नळी पुन्हा चांदीसारखी मीच घासली. जिथे आधी जोड होता तिथे निळसर डाग राहिला, तो काही जाईना. सळई घातली, टेप तीनदा लावला. मग दार लावून घेतलं, वारा आला तर वेल्डिंग बिघडतं. नरेशनं टाके मारले, थांबला, पूर्ण केलं. पाणी ओतून निववायचं नाही, आपोआप निवू द्यायचं. तोवर आम्ही दोघांनी स्टूलावर बसून पराठे खाल्ले. त्याला लोणचं दिलं तर त्याचे डोळे भरून आले, म्हणाला तिखट आहे. मिरजेचं लोणचं, असणारच.

एक्केचाळीस वर्षांत ह्यांची एक चूक मी झाकली, ह्यांनी माझ्या किती झाकल्या असतील. आज मला फार शांत वाटतंय.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आले. प्रवासानं पार दमलेत. ऋचा गाडीतून उतरलीच नाही, तिथूनच हात केला.

रविवार, ३ मार्च

आजचा दिवस मी विसरणार नाही.

दिल्लीहून आल्यापासून हे शेडला गेलेच नव्हते. आज म्हणाले, चला. ऋचाही आली. मी आणि नरेशनं पेडल तात्पुरती बोल्टनं अडकवून ठेवली होती. मी म्हटलं, "अहो, बसून बघा तरी."

आत चढायला एका बाजूनं नरेश आणि एका बाजूनं ऋचा लागली. केवढे हलके झालेत हे, ऋचानं एका हातानं उचललं. फळीवर बसले. पाय पुढे केले. आणि ते थेट पेडलवर गेले. ना वाकणं, ना ताणणं. शिंप्यानं अंगावर बेतल्यासारखं.

हे पायांकडे बघत राहिले. मग हात खाली घालून तो निळसर डाग चाचपला. "कुणी हलवले?"

मी पुढे झाले. "मी. सूट धरून लावले होतेत ना तुम्ही, मग सरकवायचे राहून गेले. म्हटलं तुम्हाला त्रास कशाला." कुणासमोर विसरलात असं म्हटलं नाही. तेवढं जपलं मी.

ह्यांनी नरेशकडे बघितलं. नरेशनं मान खाली घातली.

"बरं केलंस यमू," हे म्हणाले. "अगदी माझ्या मापाचं झालं."

आणि रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हा ह्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि आज चार ब्रॅकेटसाठी नळीवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. ऋचा बाहेर निघून गेली. मला इतका आनंद झाला की काय करू कळेना, ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. एवढी वर्षं हे मला छान म्हणायचेसुद्धा मोजून. आज माझ्या हातचं काम ह्यांच्या काळजाला भिडलं.

थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाले, "आता तू बस की एकदा." म्हटलं, छे, गुडघ्याचं काय करू? तुमची जागा आहे ती, तुम्हीच बसा. आणखी एकदा म्हणाले. मी चहाचे कप गोळा करायला लागले.

मंगळवार, १९ मार्च

हॉस्पिटलात. सहावा दिवस.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. ह्यांना ऑक्टोबरपासून ठाऊक होतं. ऋचाला ठाऊक होतं. बँक म्हणजे हॉस्पिटल, चष्मा म्हणजे हॉस्पिटल, दिल्ली म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं मत. गॅस विसरणं, नावं चुकणं, ती दुखणं थांबवायच्या गोळ्यांची गुंगी. मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी ऋचाला कॉरिडॉरमध्ये नको नको ते बोलले. ती म्हणाली, "पापा ने कसम दी थी मम्मी. बोले, उसे काम करने दो, रोने मत बिठाओ."

रडत नाहीये मी. मला राग आलाय. मी ह्यांच्या पँटी घट्ट करत बसले होते.

शुक्रवार, २२ मार्च

दुपारी शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, "सोलो राहिलं गं तुझं."

म्हटलं, "गुडघे बघा माझे आधी."

हसले. खरंच हसले, दात दिसले. मग म्हणाले, "तेवढे गुडघे चालतात." पाणी मागितलं, दोन चमचे दिलं.

सोमवार, १ एप्रिल

हे गेले, त्याला आज सहा दिवस झाले.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. गुढी नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी श्रीखंड आणून दिलं, त्यांना माहीत नसतं आपल्यात काय असतं ते. मी घेतलं. फ्रिजमध्ये ठेवलंय.

रविवार, १४ एप्रिल

नरेश आला होता. तेराव्याला त्याला यायला जमलं नव्हतं. बायकोलाही घेऊन आला. दोघं सोफ्याच्या अगदी कडेला बसली. नरेश ह्यांच्या फोटोकडे बघून म्हणाला, "घर जाकर मैंने इसको बताया था जी. अपना जहाज़ कौन देता है किसी को? आंटीजी ने दे दिया."

म्हटलं, "किसका जहाज़?"

"आपका जी."

"मेरा कहाँ, साहब का था."

तो बायकोकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. "साहब ने तो आपके लिए बनाया था. एक सीट, आपकी. पेडल आपके सूट से नापे थे ना. एक सिरा मैंने पकड़ा, साहब ने चॉक लगाया. बोले, वो बैठती नहीं, तो सूट पकड़ के ही लगा दो." मग त्याचा आवाज खाली गेला. "आपको पता था ना जी? आपने ही बोला था, सूट है, मालूम है. मैं समझा आप साहब को एक बार बिठाना चाहते हो. उनका टाइम..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. त्याची बायको उठून माझ्याजवळ आली, एवढं आठवतं.

ते गेल्यावर रजिस्टर काढलं. एकवीस जानेवारी. सूट धरून. माझा पंजाबी ड्रेस हातात धरून. एवढंच लिहिलं होतं माणसानं, सरळ, जसं घडलं तसं. मी मेली त्यात सवलत वाचली. तीस वर्षं ह्या गावात राहून, अंगावर तेच घालून.

आणि तीन मार्चला ह्यांना सगळं कळलं होतं. डाग चाचपला तेव्हाच कळलं. तरी म्हणाले, बरं केलंस. माझा चेहरा बघून म्हणाले असतील. मी तर तिथे बक्षीस मिळाल्यासारखी उभी होते. आनंदानं रडले असं मी ह्याच डायरीत लिहून ठेवलंय. ते पान फाडणार होते. नाही फाडलं.

एक शब्द बोलायचा होता हो. "यमू, ते तुझं होतं," एवढंच. मी हातानं कापलं असतं ते पुन्हा.

रविवार, २१ एप्रिल

ऋचाला म्हटलं, मला शेडला सोड आणि तू गाडीत थांब.

नरेश आधीच येऊन थांबला होता. त्याला विचारलं, पुन्हा जुन्या जागी आणता येतील का. त्यानं नळीवरून बोट फिरवलं. "दो बार आग लग चुकी इसको. तीसरी बार इसी जगह नहीं लगाऊँगा जी, कमज़ोर हो जाएगी. पूरी ट्यूब काट के नई डालनी पड़ेगी. आप हाँ बोलो, मैं कर दूँगा."

ऋचाला काल हे सांगितलं तर म्हणाली, "मम्मी, पीठ के पीछे तकिया रख लो, simple." तिला काय माहीत. हडपसरला मी सव्वीस वेळा उडाले ते पाठीमागे दोन उशा घेऊनच. सगळी ग्लायडर पुरुषांच्या मापाची. पोरं मला उशीवाली म्हणायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ही गंमत म्हणून ह्यांना सांगितली होती, हसत हसत. हे हसले नव्हते. म्हणाले होते, "एवढ्या विमानांत तुझ्या मापाचं एकही नव्हतं?" मी तेव्हा पोळ्या करत होते. ते वाक्य मला कालपर्यंत आठवलंसुद्धा नव्हतं.

नरेशला बाहेर जायला सांगितलं. पदर खोचला, स्टूल घेतलं, एक गुडघा वर टाकला. दुखला, पण गेला. मग दुसरा. किती वेळा बस म्हणाले होते, आणि माझे गुडघे आडवे येत होते. एक मिनिट लागलं मला. सगळं मिळून एक मिनिट.

फळीवर बसले. पाठ टेकली, उशी न घेता. समोरच्या उभ्या नळ्यांमधून शेडचं दार दिसतं, दारातून गव्हाचा उरलेला तुकडा आणि त्यापलीकडे टॉवर. हात जिथे विमान चालवायचा दांडा यायचा तिथे बरोबर गेला. ती जागा मी हलवली नव्हती, अजून माझ्याच हाताच्या मापाची होती ती.

पाय पुढे केले. अंगठे ताणले. पुढे सरकले तर पाठ सुटते. पुन्हा मागे टेकले, पुन्हा ताणले. पेडल तशीच समोर, ह्यांच्या पायाच्या जागी. ती नळी कापायला हो म्हणू, तर हे बसले होते त्या एका दिवसाची नळी आहे ती. नको म्हणू, तर ह्यांनी जे केलं ते मी दुसऱ्यांदा मोडलं.

नरेशनं बाहेरून विचारलं, "आंटीजी, पैर पहुँचे?"

मान खाली घालून हळूच म्हटलं, "अहो, पोचत नाहीत."